परसातील कोथिंबिरीचा सुकाळ आणि रोजचा स्वयंपाक

पावसाळा सरून हवेत गारवा आला म्हणजे परसबागेत आणि मळ्यात पालेभाज्यांचा एकच सुकाळ होतो. कोथिंबीर, मेथी व पुदिना ही पिके या दिवसांत जोमाने वाढतात आणि त्यांची काढणीही एकाच सुमारास येऊन ठेपते. ज्या घरात उन्हाळ्यात कोथिंबिरीची एक काडी जपून वापरली जाते, त्याच घरात आता तिचे काय करावे हा प्रश्न पडतो. बाजाराची स्थितीही निराळी नसते. नाशिक, नारायणगाव यांसारख्या ठिकाणी कोथिंबिरीचा लिलाव शेकडा जुड्यांवर होतो. आवक वाढली की जुडीचा दर एक-दोन रुपयांवर उतरतो. मग उपटणी, बांधणी आणि वाहतूक यांचाही खर्च सुटत नाही. अशा वेळी उभ्या पिकात नांगर घालणे शेतकऱ्यास भाग पडते.

बाजारभावाचा प्रश्न या लेखाने सुटणार नाही, आणि तसा आव आणण्याचीही इच्छा नाही. मळ्यातील दहा गुंठे कोथिंबीर एका कुटुंबाने खाऊन संपणार नाही, हे उघड आहे. परंतु परसातील दोन वाफे, किंवा मळ्यातून घरी आलेल्या दहा-बारा जुड्या, या मात्र नक्कीच वाया जाऊ नयेत. आणि आज त्या बहुतेक घरी वाया जातात.

गेल्या हिवाळ्यात असाच एक मळा पाहण्याचा प्रसंग आला. कोथिंबिरीचे पीक अत्यंत उत्तम होते; पाने रुंद, रंग काळसर हिरवा, रोगाचा मागमूस नाही. दर पडल्यामुळे त्यात ट्रॅक्टर फिरत होता. दुपारी त्या शेतकऱ्याने आग्रहाने जेवावयास थांबविले. ताटात भाकरी, आमटी आणि कांदा होता. आमटीवर कोथिंबिरीची मोजून चार पाने तरंगत होती. घरातील सून बाळंतपणातून नुकतीच उठली होती आणि अंगात रक्त कमी असल्यामुळे तिला लोहाच्या गोळ्या चालू होत्या. शेतात एवढी कोथिंबीर असताना तिची भाजी का करीत नाही, असे सहज विचारले. त्यावर शेतकऱ्याच्या वृद्ध आईने हसून उत्तर दिले, “कोथिंबिरीची कुठं भाजी असते का साहेब? ती वरून घालायची असते.”

या एका वाक्यात सारी अडचण सामावलेली आहे. आपण कोथिंबिरीस भाजी मानीत नाही. मेथीची जुडी आली की तिची भाजी होते, पालकाची होते. कोथिंबिरीची मात्र चिमूट होते. घरात एक काडी असो वा एक टोपली असो, हात चिमटीचाच राहतो.

चिमटीऐवजी ओंजळ

कोथिंबीर ही पालेभाजी आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तिच्या पानांत ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारे कॅरोटीन विपुल असते. शिवाय ‘क’ जीवनसत्त्व, लोह व चुना हे घटकही असतात. तथापि शंभर ग्रॅम पानांत सुमारे ८५ ग्रॅम पाणीच असते. म्हणून आमटीवर भुरभुरलेल्या दोन-तीन ग्रॅम पानांतून सुवास मिळतो, पोषण जवळजवळ मिळत नाही. तीच कोथिंबीर दर माणशी ५० ग्रॅम पोटात गेली तर तिला आहारात अर्थ येतो. ही चार ते पाच मुठी पाने झाली. मोठ्या जुडीत पाच माणसांची एक वेळची भाजी होते.

२०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. ही गोष्ट गंभीर आहे. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पालेभाजीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. म्हणून कोथिंबीर खाल्ली की गोळ्यांची गरज नाही असे कोणीही समजू नये, आणि कार्यकर्त्यांनी तर तसे चुकूनही सांगू नये. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवाव्यात. पानातील ‘क’ जीवनसत्त्व मात्र भाकरी-डाळीतील लोहाचे शोषण वाढविण्यास मदत करते. हे जीवनसत्त्व उष्णतेने बरेचसे नष्ट होते. म्हणून काही कोथिंबीर कच्ची, लिंबू पिळून खावी. कॅरोटीनचे तसे नाही. ते शिजवण्यात फारसे जात नाही आणि थोड्या तेलाबरोबर अधिक चांगले अंगी लागते. म्हणजे कच्ची चटणी आणि तेलात परतलेली भाजी, या दोन्हींना आपापले स्थान आहे.

काढणी, धुणे व साठवण

घरासाठी कोथिंबीर सकाळी ऊन चढण्यापूर्वी काढावी. पिकावर कीटकनाशक फवारले असल्यास त्या औषधाच्या वेष्टनावर दिलेले प्रतीक्षेचे दिवस पूर्ण झाल्याखेरीज पान तोडू नये. बाजारासाठी एक नियम आणि घरासाठी दुसरा, असे येथे चालत नाही.

कोथिंबीर धुण्याची घाई बहुतेक घरी होते. ओली जुडी दुसऱ्याच दिवशी काळी पडून चिकट होते. ठेवावयाची जुडी धुऊ नये. पिवळी व कुजकी पाने काढून टाकावीत, मुळे तशीच ठेवावीत, आणि मुळे पाण्यात राहतील अशा रीतीने ती तांब्यात उभी करून वर ओलसर फडके टाकावे. तांब्या माठाशेजारी सावलीत ठेवल्यास थंडीच्या दिवसांत ती तीन-चार दिवस टवटवीत राहते. पाणी रोज बदलावे. फ्रिज असल्यास कोरडी जुडी कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी.

ज्या घरी भाजीपाला अधिक येतो त्यांनी शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधण्याचा विचार करावा. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने तो विकसित केला आहे. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. एवढीच त्याची रचना आहे. वर गवताचे किंवा गोणपाटाचे ओलसर झाकण असावे. वीज लागत नाही. कोरड्या हवेत तो चांगले काम देतो. कोकणाच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी.

शिजवण्याच्या दिवशी मात्र जुडी मोकळी करून मोठ्या पातेल्यातील पाण्यात बुडवावी, हलवावी आणि वर उचलून घ्यावी. पाणी ओतून देऊन हे तीन-चार वेळा करावे; माती तळाशी राहते. धुणे हे चिरण्यापूर्वी व्हावे. चिरल्यावर धुतल्यास ‘क’ जीवनसत्त्व पाण्याबरोबर निघून जाते. कोवळ्या काड्या टाकू नयेत. पानांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, स्वाद त्यांच्यात असतो.

भाजी आणि वडी

ज्या घरात कोथिंबिरीची भाजी कधी झालेली नाही, तेथे आरंभ पीठ पेरून केलेल्या भाजीने करावा. कारण ती पद्धत कांद्याच्या पातीमुळे सर्वांच्या परिचयाची आहे. पाव किलो निवडलेली कोथिंबीर बारीक चिरावी. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हळद, ठेचलेल्या आठ-दहा लसूणपाकळ्या आणि हिरव्या मिरच्या यांची फोडणी करावी. कोथिंबीर टाकून दोन मिनिटे परतावी. ती खाली बसली की मीठ घालावे. मीठ आधी घातल्यास पाल्याच्या आकारमानास फसून ते हमखास जास्त पडते. नंतर अर्धी वाटी बेसन वरून भुरभुरावे, पाण्याचा एक हबका मारावा, आणि झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणावी. पीठ कच्चे राहिल्याचा वास गेला की भाजी झाली. शिळ्या भाकरीबरोबरही ती चांगली लागते.

कोथिंबीर वडी सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती सणावाराची व पाहुण्यांची मानली जाते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात कोथिंबीर कमी व बेसन फार असते. असा हिरवे ठिपके पडलेला बेसनाचा दगड खाण्यात काय स्वारस्य? प्रमाण उलटे धरावे. कोथिंबीर पाव किलो असेल तर बेसन दीडशे ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये; त्यात दोन चमचे तांदळाचे किंवा ज्वारीचे पीठ घालावे. वडी बिघडते ती पाण्याने. चिरलेल्या कोथिंबिरीस मीठ, तिखट, हळद, तीळ चोळून दहा मिनिटे ठेवावे. तिला आपोआप पाणी सुटते, आणि त्या ओलाव्यातच पीठ मळून घ्यावे. वरून पाणी घेण्याची वेळ सहसा येत नाही. लांबट उंडे करून तेल लावलेल्या चाळणीत ठेवावेत व पंधरा ते वीस मिनिटे वाफवावेत. पूर्ण निवल्याशिवाय कापू नयेत; गरम असताना कापलेली वडी फुटते आणि दोष मात्र कोथिंबिरीस दिला जातो. तळणे आवश्यक नाही. तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस केल्यास तेलाची बचत होते.

विदर्भात कोथिंबिरीस सांबार म्हणतात, आणि तिकडील सांबारवडी किंवा पुडाची वडी हा प्रकार तर या दृष्टीने आदर्शच म्हटला पाहिजे. तिच्यात कोथिंबीर ही पिठात मिसळलेली नसून सारणच तिचे असते; तीळ, खसखस, सुके खोबरे यांबरोबर परतलेली कोथिंबीर पोळीच्या पातळ पारीत भरून तळतात. गोव्यात कॅफ्रियल नावाच्या कोंबडीच्या प्रकारास आले, लसूण, मिरची यांबरोबर भरपूर कोथिंबिरीचे वाटण लागते. म्हणजे कोथिंबीर ओंजळीने खाण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. ती सणाच्या ताटातून रोजच्या ताटात आणावयाची आहे.

याशिवाय थालीपिठाच्या व धिरड्याच्या पिठात दोन मुठी, तुरीच्या वरणात उतरवताना दोन मुठी, दह्यात कालवून एक मूठ, असा रोजचा खप सहज होतो. लहान मुलांना भाजी नको असते. धिरड्यातील कोथिंबीर त्यांच्या पोटात विनातक्रार जाते.

वाटण

सुकाळाचा सर्वांत मोठा निचरा वाटणात होतो. एक मोठी जुडी वाटल्यावर जेमतेम दोन वाट्या होते. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरे, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ यांची चटणी वाटून वर लिंबू पिळावे. ओल्या नारळाची चटणी त्याच दिवशी संपवावी. शेंगदाण्याची चटणी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते.

अधिक काळ ठेवावयाचे असल्यास खारवलेले वाटण करावे. धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या १०० ग्रॅम कोथिंबिरीस २० ग्रॅम मीठ घालून, पाणी न घालता जाडसर वाटावे आणि स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरून फ्रिजमध्ये ठेवावे. आमटीत किंवा उसळीत यातील चमचाभर वाटण घातल्यास वेगळे मीठ बेतानेच घालावे, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकास सांगून ठेवणे बरे. बर्फाच्या साच्यात गोठविलेल्या वाटणाच्या वड्याही दोन-तीन महिने उपयोगी पडतात. मात्र जेथे वीज तासन् तास जाते तेथे हा मार्ग भरवशाचा नाही.

हल्ली ओली कोथिंबीर व लसूण तेलात बुडवून बरणी फळीवर ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आणि अशा ओलसर जागी घातक विष निर्माण करणारे जंतू वाढू शकतात. त्याचा वास अगर रंग यांवरून पत्ताही लागत नाही.

वाळवणासंबंधी एक कबुली

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावी महिलांच्या सभेत मी मोठ्या उत्साहाने कोथिंबीर वाळवून ठेवण्याचा सल्ला दिला होता. पालेभाजी वाळवता येते एवढे पुस्तकी ज्ञान पाठीशी होते. बायकांनी विश्वासाने पाच-सहा घरी गच्चीवर कोथिंबीर पसरली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा एका आजींनी डबा उघडून माझ्यापुढे धरला आणि विचारले, “साहेब, ही कोथिंबीर आहे का वैरण?” रंग उडालेला, वास नाही, चव गवताची. त्यांचे म्हणणे खरे होते.

चूक दुहेरी होती. पहिली, कडक उन्हाची. पाने उन्हात वाळविली की रंग आणि कॅरोटीन दोन्ही उडतात. ती नेहमी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, सुती कापडावर पातळ पसरून वाळवावीत. दुसरी चूक अधिक मूलभूत होती. कोथिंबिरीचा सुवास ज्या द्रव्यांमुळे असतो ती अत्यंत उडून जाणारी आहेत. सावलीत वाळविली तरी ती फारशी टिकत नाहीत. म्हणून कोथिंबीर वाळवूच नये. ती वाटावी, खारवावी अगर ताजी खावी. सर्व पानांस एकच उपाय लागू पडत नाही, हे मला त्या डब्याने शिकविले.

मेथीची गोष्ट उलट आहे. तिचा कडवट स्वाद वाळल्यावरही टिकतो. पाने खुडून, धुऊन, निथळून सावलीत तीन ते पाच दिवसांत कुरकुरीत होतात. मुठीत चुरल्यावर चुरा झाला पाहिजे, वळली तर अजून ओल आहे असे समजावे. एक किलो पानांचे वाळवण साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भरते. दुकानातील कसुरी मेथी हा मेथीचा निराळा, अधिक सुवासिक प्रकार आहे, त्यामुळे घरच्या वाळवणाकडून तंतोतंत त्याच वासाची अपेक्षा करू नये. हरभऱ्याच्या डाळीचे सांडगे घालताना त्यांत चिरलेली मेथी मिसळल्यास उन्हाळ्यात भाजीची अडचण भागते.

कढीपत्त्याचे झाड छाटले की एकदम पाल्याचा ढीग पडतो. ताटातील कढीपत्ता बहुतेक जण बाजूस काढून टाकतात. म्हणून त्याची भुकटी करणे उत्तम. सावलीत वाळविलेली एक वाटी पाने चमचाभर तेलात कुरकुरीत करावीत, आणि अर्धी वाटी डाळे, दोन चमचे भाजलेले तीळ, थोडे सुके खोबरे, लाल मिरची, चिंचेचे बुटुक व मीठ यांबरोबर कुटावीत. ही चटणी कोरड्या बरणीत पंधरा दिवस सुखाने टिकते, आणि बाजूस काढून टाकता येत नाही! पुदिना सावलीत चांगला वाळतो व ताकात उपयोगी पडतो. तो परसात पसरून इतर वाफे बळकावतो, यास्तव कुंडीत किंवा फुटक्या घागरीत लावावा. पानओव्याची भजी आणि गवती चहाच्या वाळविलेल्या जुड्या यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

पेरणी आणि प्रात्यक्षिक

घरच्या परसातील सुकाळ हा पुष्कळ अंशी आपणच निर्माण केलेला असतो. सर्व धने एकाच दिवशी पेरले की सर्व कोथिंबीर एकाच दिवशी तयार होते. परसात तीन लहान वाफे करावेत आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने एकेक पेरावा. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून प्रत्येकाचे दोन भाग करावेत व रात्रभर पाण्यात भिजवावेत. पेरणीपासून साधारण ४० ते ४५ दिवसांत कोथिंबीर काढणीस येते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पेरलेले पीक लवकर फुलावर जाते, हे धरून चालावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणाने सांगू नये. अंगणवाडीत अगर एखाद्या ओसरीवर एक चूल, एक कढई, एक तराजू आणि गावातीलच पाव किलो कोथिंबीर घेऊन बसावे. प्रथम तराजूच्या एका पारड्यात आमटीवर पडते तेवढी चिमूट ठेवावी आणि दुसऱ्यात ५० ग्रॅम पाने. दोन्ही पारडी सर्वांना नीट पाहू द्यावीत. मग भाजी करावी व जमलेल्या पुरुषांसही वाढावी. कारण घरी कोणती भाजी होणार हे पुष्कळदा त्यांच्या आवडीवर ठरते. पीठ कोणत्या घरचे, लसूण कोणत्या घरची, हे आधी ठरवून घ्यावे. त्यामुळे प्रात्यक्षिक सरकारी वाटत नाही. पुढील भेटीत किती घरी भाजी झाली, आणि ज्या घरी झाली नाही तेथे काय अडले, हे दोन्ही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक उपयोगाचे असते.

तिसऱ्या वाफ्यातील निम्मी झाडे उपटू नयेत. ती फुलावर आली की मधमाश्या आणि पिकांचे मित्रकीटक परसात येतात. फुलांमागून धरलेले कोवळे हिरवे धने चटणीत वाटल्यास पानांहून निराळा, तीव्र स्वाद येतो. उरलेले झाडावरच पिवळसर होऊ द्यावेत. मग झाडे कापून, सावलीत सुकवून झोडपावीत. त्यातील भरीव धने कापडी पिशवीत बांधून पेरणीचा महिना लिहिलेली चिठ्ठी आत टाकून ठेवावी, आणि बाकीचे मसाल्याच्या डब्यात घालावेत.